वाजवण्याआधीचे आठ दिवस

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या बांधकाम खात्याच्या कचेरीत रुपराव गजभिये आणि मी एकाच दिवशी ट्रेसर म्हणून लागलो. साल अठ्ठावन्न. त्याचं टेबल खिडकीकडे, माझं भिंतीकडे. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेले पुलांचे, शाळांचे, डाकबंगल्यांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवायचे, हे आमचं काम. मी ताराचंद हेडाऊ, गोळीबार चौकातला, घरात हातमाग. रुपराव इंदोऱ्याचा. वडील तो लहान असतानाच गेलेले, आई पार्वतीबाई बिड्या वळायची. छप्पन साली आईसोबत त्यानं दीक्षा घेतली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बोलायचा कमी. पण त्याची रेघ अशी, की साहेब आधी रेघ बघायचे आणि मग पूल.

त्याच्या आयुष्यात पियानो आला तेव्हा मी तिथंच होतो, कारण मोजायच्या फितीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

बासष्टच्या नोव्हेंबरात सदरमधल्या मिशनच्या एका शाळेचा हॉल मोजायला आम्हाला पाठवलं होतं. छपराच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळणार होतं, त्यासाठी नकाशा हवा होता. आत गेलो तर एक बाई पियानो वाजवत बसलेली. पंचावन्नच्या आसपासची, फुलाफुलांचा फ्रॉक, पांढरे झालेले केस मागं घट्ट बांधलेले. आमच्याकडं न बघता तिनं एक बोट वर केलं. थांबा. आम्ही फीत ताणून थांबलो. मी दोनदा पाय बदलला. रुपराव हलला नाही.

वाजवणं संपल्यावर आम्ही मोजमाप घेतलं, वहीत आकडे लिहिले, आणि निघताना रुपराव एकदम तिच्याकडं वळला.

"मॅडम, हे शिकता येते काय? मी सव्वीस वर्षांचा हाव."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात दाखव."

त्यानं हात पुढं केले. बोटांवर शाईचे डाग होते.

"शनिवारी ये. पाच बजे," ती म्हणाली. "और पहिले हात धुवून ये."

ही पिंटोबाई. ॲग्नेस पिंटो. मूळची गोव्याची, नवरा रेल्वेत ड्रायव्हर होता, तो वारल्यावर ती नागपुरातच राहिली आणि या शाळेत संगीत शिकवू लागली. पाव हिंदी आणि पाऊण बाजारातली मराठी बोलायची. फी तिनं कधी मागितली नाही. त्याऐवजी रुपरावनं शाळेच्या मुलींसाठी गाण्यांचे कागद उतरवून द्यायचे असं ठरलं. असे कागद तेव्हा नागपुरात विकत मिळत नसत, कलकत्त्याहून किंवा मुंबईहून मागवावे लागत. रुपरावच्या हातचे कागद छापलेल्यापेक्षा चांगले दिसायचे.

शनिवारी संध्याकाळी आठ-नऊ वर्षांच्या पोरींच्या रांगेत हा मिशीवाला माणूस बसायचा. त्या पोरी त्याला 'अंकल, आपका नंबर' म्हणायच्या. पहाटे साडेपाचला तो इंदोऱ्याहून सायकलनं निघायचा, शाळेचा चौकीदार हॉल उघडून द्यायचा, सहा ते सात वाजवायचा आणि घरी जाऊन, जेवून, अकराला कचेरीत. घरी पियानो नव्हताच. त्यानं एका फळीवर ड्रॉइंगचा कागद चिकटवून त्यावर पियानोच्या पट्ट्या काढल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, अगदी बरोबर मापाच्या. त्या फळीवर तो रात्री बोटं चालवायचा. लग्न झाल्यावर त्याची बायको गोपिका मला म्हणाली होती, "भाऊजी, आवाज नाही येत तर बरं वाटते. पण हे मान हालवतात ना, तेव्हा मले वाटते मलेच ऐकू येऊन नाही राहिलं."

असं आठ-नऊ वर्षं चाललं. पोरी परीक्षा देऊन, लग्नं होऊन गेल्या. रुपराव राहिला. आणि मग एकाहत्तर साली त्यानं एक चूक केली.

पिंटोबाईंकडं ग्रामोफोन होता. त्यावर एक रचना ऐकून रुपराव भारावला आणि तीच शिकायची म्हणून हट्ट धरून बसला. बाई म्हणाल्या, अजून दोन वर्षं थांब. तो थांबला नाही. त्यांच्या कपाटातलं पुस्तक मागून घेतलं, पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि रोज थोडं थोडं पुढं जात राहिला. पुढच्या पानांवर काय आहे ते त्यानं बघितलंच नव्हतं. अकरा महिने गेले. सहाव्या पानावर अशी जागा आली की डाव्या हाताला सतत ताणून, जोरानं आणि वेगानं वाजवावं लागत होतं. तो दात-ओठ खाऊन तेच वाजवत राहिला. एक दिवस कचेरीत त्यानं डाव्या हातानं टी-स्क्वेअरची लांब पट्टी धरली आणि ती खाली पडली. मनगट सुजून पावासारखं झालं होतं.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला. तीन महिने पियानो बंद, ड्रॉइंगही बंद. डाव्या हातानं पट्टी धरल्याशिवाय उजव्या हातानं रेघ कशी ओढणार? त्याचं काम अडलंय हे साहेबांना कळलं असतं तर त्याची बदली स्टोअरला झाली असती. म्हणून त्या तीन महिन्यांत मी दोघांचे नकाशे केले. तो बाजूला बसून आकडे वाचायचा, मी रेघा मारायचो. माझी रेघ त्याच्यासारखी नव्हती, पण उन्हाळ्याचे दिवस होते, साहेबही फार बारकाईनं बघत नव्हते. यात मी काही मोठं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. रुपरावला मात्र ते फार वाटायचं. त्यानंतर माझ्या घरचं कुठलंही काम असो, हातमागाचं लाकूड आणायचं असो की आईला दवाखान्यात न्यायचं असो, त्याची सायकल दारात उभी.

आणि पिंटोबाई? त्या त्याला रागावतील असं मला वाटलं होतं. हात बरा झाल्यावर तो भीतभीत गेला, मी सोबत होतो. बाईंनी त्याचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "गलती माझी. मी तुला वाजवायला शिकवलं. वाजवायच्या आधी बघायला नाही शिकवलं."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत ती वेळ पुन्हा आली. त्याच ग्रामोफोनवर दुसरी एक रचना. सतरा पानं, सुरुवातीला वादळ, मध्ये एकदम शांत, शेवटी पुन्हा वादळ. बाईंना रुपरावच्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. पानं पिवळी पडून कडा तुटत होत्या.

"हे पाहिजे?"

"हो मॅडम."

"मग ऐक. आठ दिवस पियानोला हात नाही लावायचा. फक्त कागद. तुझा तो फळीचा पियानोसुद्धा नाही. आठ दिवसांनी मला सांगायचं, हे तुझ्याच्यानं होते की नाही, अन् होते तर किती दिवसांत. 'मला आवडते' हे उत्तर नाही चालणार."

"पण कागदावरून कसं समजन?"

"तू पुलाचा नकाशा बघून सांगते ना, सिमेंट किती लागेल? पूल बांधून बघते काय आधी?"

पुस्तकावर पेन्सिलीची खूण करायची नाही अशी अट होती. म्हणून रुपरावनं ती सतरा पानं स्वतःच्या कागदावर उतरवायला घेतली. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं मागं थांबायचो. मी त्याच्यासाठी पाचपाच रेघांच्या ओळी आखून द्यायचो, तो त्यावर ठिपके चढवायचा. दोन उभ्या रेघांमधल्या खणाला बार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत तो 'आज चाळीस बार झाले' म्हणाला की बाकीचे कारकून एकमेकांकडं बघून हसायचे.

चौथ्या दिवशी त्याचं पेन थांबलं. "ताराचंद, इकडं पाह्य गा."

मी पाहिलं. मला मुंग्यांची रांग दिसली.

"हे नववं पान आहे ना, हे तिसऱ्या पानावरचंच आहे. फक्त तीन पट्ट्या खाली सरकलं. पूर्ण वेगळं दिसते, पण आकार पाह्य." त्यानं उतरवलेलं तिसरं पान त्याच्या शेजारी ठेवलं. खरंच, चढ-उतार तेच होते. वाचत गेला असता तर त्याला ते कदाचित महिनाभर कळलं नसतं. हातानं उतरवल्यामुळं बोटांना ओळखीचं वाटलं. मग तो शोधतच सुटला. दोनशे साठ बारांपैकी ब्याण्णव असे निघाले की जे आधी कुठं ना कुठं येऊन गेलेत. म्हणजे शिकायचे एकशे अडुसष्टच. तो इतका खूश झाला की त्या दिवशी मला सीताबर्डीला नेऊन कचोरी खाऊ घातली.

पाचव्या दिवशी त्यानं लाल आणि निळी पेन्सिल घेतली. जिथं बोटं कशी ठेवायची तेच समजत नाही तिथं निळं. जिथं हात पोचतच नाही तिथं लाल. पोचतो की नाही हे ठरवायला त्यानं माझ्यासमोर टेबलावर पंजा पूर्ण ताणला आणि मला पट्टीनं मोजायला सांगितलं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आठ इंच भरला. चार ठिकाणी सव्वाआठ इंचांपेक्षा थोडं जास्तच लागत होतं.

"पाव इंच," तो म्हणाला. "पाव इंचासाठी अडलं."

"थोडं ताणलं तर?"

"ताणलं होतं ना मागच्या टाइमले."

आम्ही दोघांनीही त्याच्या मनगटाकडं बघितलं. त्यानं तिथं लाल खूण केली आणि पुढं गेला.

सहाव्या दिवशी वेगाचा हिशेब. कागदाच्या वर लिहिलेलं असतं म्हणे, एका मिनिटात किती ठोके. त्यावरून त्यानं काढलं की एका सेकंदात जवळजवळ नऊ सूर वाजले पाहिजेत. त्यानं मला मनगटी घड्याळाचा सेकंद काटा बघायला सांगितला आणि टेबलावर बोटं वाजवली. मी 'बस' म्हणालो. साठ झाले होते, दहा सेकंदांत. म्हणजे सहा.

"नऊ पाह्यजे," तो म्हणाला, आणि पेन्सिल खाली ठेवली.

मला वाटलं आता सोडणार. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं असतं. पुन्हा तीन महिने दोघांचे नकाशे करायची माझी तयारी होती, पण त्याचा हात पुन्हा गळ्यात बघायची नव्हती.

सातव्या दिवशी त्यानं जुन्या वह्या काढल्या. आधीच्या रचना शिकताना कोणत्या आठवड्यात किती झालं ते त्यानं लिहून ठेवलेलं होतं. कचेरीची सवय. त्यावरून साधे बार रोज दोन, अवघड एकेक बाराला आठ दिवस. अवघड निघाले एकतीस. न पोचणारे चार. सगळं जोडायला तीन महिने. एकूण चौदा महिने. हे त्यानं एका कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं आणि आठव्या दिवशी आम्ही बाईंकडं गेलो.

बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. मग त्यानं उतरवलेली सतरा पानं एकेक करून पाहिली. न पोचणाऱ्या चार जागांवर त्या लगेच म्हणाल्या, "इथं खालचा सूर आधी, वरचा मागून. पटकन. तोडून वाजवायचं. कोणी तुला फाशी नाही देणार." लाल खुणांचं काम एका मिनिटात संपलं. मग तेराव्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. उजवा हात पळतोय आणि डावा उड्या मारतोय अशी ती जागा, चार बारांची. "ही सगळ्यात खराब. आता पियानोवर जा, पण फक्त हे चार बार. अर्ध्यापेक्षा कमी वेगात. आठ दिवस. बाकीचं उघडायचंच नाही."

"पहिलं पान पण नाही?"

"पहिलं पान सगळ्यांनाच येते."

पुढचे आठ दिवस तो पहाटे तेवढेच चार बार वाजवत होता. ठोके देणारं लाकडी यंत्र बाईंनी त्याला दिलं होतं. पहिल्या दिवशी काटा चाळीसवर ठेवून अडखळत वाजलं. आठव्या दिवशी छप्पनवर नीट वाजलं. पाहिजे होते एकशे बत्तीस. मला ते फारच थोडं वाटलं. बाईंना नाही वाटलं.

"काटा हलला," त्या म्हणाल्या. "हललाच नसता तर मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं असतं, अन् पुढच्या साली पुन्हा काढलं असतं. हात दुखला?"

"नाही."

"मग घे."

निघताना त्यांनी दहावं पान पुन्हा हातात घेतलं. त्यावर रुपरावनं लाल-निळं काहीच केलं नव्हतं. पानभर जेमतेम ठिपके होते, विरळ, शेतात उभ्या असलेल्या बगळ्यांसारखे.

"इथं काही नाही?"

"सोपं आहे मॅडम. हळू आहे."

बाईंनी पान परत ठेवलं. "ठीक."

चौदा महिन्यांचा अंदाज जवळजवळ सगळीकडं खरा ठरला. निळे बार आठ दिवसांना एक या हिशेबानं सुटत गेले, काही पाच दिवसांत, काही बारा. तेरावं पान सहा महिन्यांनी वेगात आलं. चौदा महिन्यांनी, म्हणजे पंच्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, सगळं वाजत होतं. फक्त दहावं पान वाजत नव्हतं.

म्हणजे सूर बरोबर वाजायचे. पण बाई मान हलवायच्या, नाही. त्या पानावर एकाच उजव्या हाताला दोन कामं होती. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटानं वरचे सूर गायचे, आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी खाली हळूच साथ द्यायची. वरचा सूर उठला पाहिजे, खालचा दबला पाहिजे, आणि सूर लांबवणारं पायाखालचं पेडल जरा उशिरा सुटलं की सगळ्या सुरांचा चिखल. वेगात एखादा सूर चुकला तर निघून जातो. इथं एकेक सूर थांबून तोंडाकडं बघत राहायचा. एका पानाला आठ महिने लागले. एवढ्या वर्षांत मी रुपरावला पहिल्यांदा चिडलेला पाहिला. दुपारी डबा खाताना तो म्हणाला, "बाईले माहीत होतं."

"काय?"

"दहावं पान. त्या दिवशी 'ठीक' म्हणाली ना, तिले माहीत होतं."

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं विचारलंच. मी तिथं होतो. "मॅडम, तुम्हाले माहीत होतं तर मले सांगितलं काहून नाही?"

बाई चहा करत होत्या. वळल्या नाहीत. "बाकीचं तू बरोबर मापलं. एवढं एक पान नाही मापलं, कारण ते पट्टीनं मापता येत नाही. ते वाजवूनच समजते. अन् सांगितलं असतं तर तू काय केलं असतं? चौदाच्या जागी वीस-पंचवीस महिने लिहिले असते, अन् घाबरून सोडून दिलं असतं. मला तुला हे वाजवताना ऐकायचं होतं, रुपराव. मी अडुसष्ट वर्षांची आहे."

 रुपराव चहा पिऊन सरळ हॉलवर गेला.

पंच्याहत्तरच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधी, शाळेच्या हॉलमध्ये तो वाजवायला बसला. मुलींच्या कार्यक्रमातच एक वीस मिनिटं त्याला दिली होती. कचेरीतले सहा-सात जण आले होते. गोपिका नवीन लुगड्यात, शेजारी पार्वतीबाई, पांढरी साडी, पदर डोक्यावर. पानं उलटायला मी. महिनाभर मी त्याची तालीम केली होती. मला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पानाच्या शेवटी त्यानं माझ्यासाठी छोटा बाण काढला होता, आणि तो मान हलवणार होता.

पहिली नऊ पानं झाली. मी एकदाही चुकलो नाही. मग दहावं पान सुरू झालं. ते मी हॉलच्या बाहेर उभं राहून शंभरदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते वेगळं होतं, किंवा मी वेगळा होतो, सांगता येत नाही. वरचा एकेक सूर असा यायचा, की पुढचा येईपर्यंत श्वास घ्यावासा वाटत नव्हता. मला माझी आई आठवली, पहाटे मागावर बसलेली. मी कुठं उभा आहे हे विसरलो. त्यानं मान हलवली ती मला दिसलीच नाही.

भान आलं तेव्हा तो केव्हाच पुढच्या पानावर गेलेला होता, आणि समोर दहावंच पान. मी घाबरून दोन पानं एकदम उलटली. मग परत मागं. कागद खडखडले. रुपरावनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सतराही पानं त्यानं स्वतःच्या हातानं शाईत उतरवली होती, त्याला समोर कागद नसता तरी चाललं असतं. शेवटच्या वादळात दोन जागी बोटं घसरली, हे त्यानंच नंतर सांगितलं. मला कळलं नाही.

टाळ्या थांबल्यावर पार्वतीबाई पुढं आल्या. "एवढ्या वेळ बसून राहिला, पाठ नाही दुखली काय गा?" त्यांनी विचारलं, आणि त्याची बोटं स्वतःच्या हातात घेऊन एकेक दाबून पाहिली, जशी बिड्यांचं पुडकं बांधल्यावर दाबून बघतात तशी.

पिंटोबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. रुपराव त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्या फक्त म्हणाल्या, "बावीस महिने. मी पंचवीस धरले होते."

माझ्या चुकीबद्दल मी बाहेर आल्यावर त्याची माफी मागितली. तो हसायला लागला. "तू पान उलटायचं विसरला ना गा, म्हणजे माझं दहावं पान झालं," तो म्हणाला. "मले त्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोण देणार?"

त्यानंतरच्या वर्षांत शाळेतल्या मोठ्या मुली वरच्या परीक्षेसाठी काही निवडायचं असलं की कागद घेऊन रुपरावकडं येऊ लागल्या. बाईच पाठवायच्या. तो त्यांना पंजा ताणायला लावायचा, सेकंद मोजायचा, सारखे बार शोधायला लावायचा, आणि शेवटी विरळ ठिपक्यांचं पान काढून म्हणायचा, "इथं किती दिवस धरले? दुप्पट धर." प्रेमिला नावाच्या एका हुशार मुलीला त्यानं अठ्ठ्याहत्तर साली सांगितलं, हे यंदा नाही. मुलगी रडत घरी गेली आणि तिची आई अंजनाबाई भांडायला कचेरीत आली. रुपरावनं तिला बसवलं, स्वतःचं डावं मनगट दाखवलं आणि एकाहत्तर सालची सगळी हकीकत सांगितली. पुढच्या साली प्रेमिलानं तेच वाजवलं, आणि पेढ्याचा पहिला पुडा आमच्या खोलीत आला.

एकोणऐंशीत बाईंचे डोळे अधू झाले आणि त्यांची लग्न झालेली मुलगी त्यांना जबलपूरला घेऊन गेली. पण तिथूनही त्यांची पाकिटं येत राहिली. नातीसाठी कोणीतरी सुचवलेल्या रचना त्या रुपरावकडं पोस्टानं पाठवायच्या, तो आठ दिवसांत जोखून परत पाठवायचा, लाल-निळ्या खुणांसकट. पत्रं इंग्रजीत, कामापुरती. ब्याऐंशीत एका पाकिटासोबत जाणारं पत्र लिहिताना तो माझ्याकडं वळला.

"ताराचंद, वीस वर्षं झाली. मी बाईले कधी काही म्हटलंच नाही."

"काय म्हणायचं?"

"तेच तं समजून नाही राहिलं."

दुपारभर आम्ही दोघं शब्द शोधत बसलो. इंग्रजीत लिहिलं की ते सरकारी पत्रासारखं वाटायचं. मी म्हणालो, मराठीत लिही. बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती, पण जबलपुरात कोणीतरी वाचून देईलच. शेवटी त्यानं पत्राच्या खाली, नकाशाच्या अक्षरात, दोन ओळी लिहिल्या: 'मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला थांबायला सांगितलं नसतं, तर मी हॉल मोजून निघून गेलो असतो. तुमच्यामुळे माझं आयुष्य मोठं झालं.'

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. बाईंच्या नातीनं लिहिलं होतं. त्या दोन ओळी शेजारच्या पोस्टमास्तरांनी आजींना वाचून दाखवल्या, असं त्यात होतं. एकदा वाचल्यावर त्यांना वाटलं आजींना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्यानं पुन्हा वाचलं. मग आजींनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. खरं तर आजींना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.

रुपरावनं ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मग जरा वेळानं काढून पुन्हा वाचलं. साहेब खोलीत आले तरी त्यानं ते लपवलं नाही.